सिनेमातल्या आवाजावर वैतागून त्यानं स्टिरिओ शोधला, पण त्याच्या मरणाची बातमी सरकारनं ३ वर्षं दाबून ठेवली

ओटीटीवर पिक्चर लावला की नावाखाली कोपऱ्यात एक छोटा शिक्का दिसतो. डॉल्बी ॲटमॉस. हा शिक्का दिसला की साउंडबारवाले खूश होतात आणि ज्यांना तो दिसत नाही ते डोकं खाजवत बसतात. टीव्हीच्या खोक्यावर लिहिलंय, साउंडबारच्या खोक्यावर लिहिलंय, मग आवाज असा सपाट का येतोय?

या प्रश्नाचं उत्तर पुढं येईलच. पण आवाज डावीकडून यावा, उजवीकडून यावा, पडद्यावरचा माणूस जिथं उभा आहे तिथून यावा ही मागणी काही आजची नाही. ती आहे १९३१ सालची. आणि ज्या गड्यानं ती मागणी केली, त्यानंच ती पूर्णसुद्धा करून दाखवली. त्याचं नाव ॲलन डॉवर ब्लुमलाइन.

साउंड इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरांना हे नाव पाठ असतं. बाकी जग त्याला का विसरलं, ती गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे.

ब्लुमलाइनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला. वडील मूळचे जर्मन, खाण इंजिनिअर, नंतर ब्रिटिश नागरिक झालेले. आई दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका मिशनऱ्याची मुलगी. घर खातंपितं होतं.

पोरगं लहानपणापासूनच वायरीत रमणारं. ७ वर्षांचा असताना त्यानं घराच्या दरवाजाची बेल दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवलं. खाली सही केली, इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून. गंमत अशी की याच पोराला बरीच वर्षं धड वाचता येत नव्हतं. त्याच्या बहिणीनं पुढं सांगितलं होतं की तो १२ वर्षांचा होईपर्यंत वाचनात कच्चाच होता. त्यावर ब्लुमलाइनचं म्हणणं असं की वाचता येत नसेल, पण वर्गसमीकरणं तर येत होती ना.

पुढं लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजमधून तो पहिल्या वर्गात इंजिनिअर झाला आणि १९२४ मध्ये टेलिफोनच्या धंद्यात शिरला. काम काय, तर लांब पल्ल्याच्या लाईनवर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या लाईनमध्ये घुसतं ते थांबवायचं. आपल्याकडं लँडलाइनच्या जमान्यात क्रॉस कनेक्शन लागायचं आणि कुणातरी अनोळखी काकूंचं लग्न जमवणं ऐकायला मिळायचं, तो त्याच्याच जवळपासचा प्रकार. इथं ब्लुमलाइन एक गोष्ट पक्की शिकला. दोन तारांमधून दोन वेगळे सिग्नल एकमेकांना धक्का न लावता कसे न्यायचे, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून हवं ते कसं वेगळं काढायचं. हे शिक्षण पुढं कामाला आलं.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन या रेकॉर्ड कंपनीत आला. कंपनीची अडचण सरळ पैशाची होती. रेकॉर्ड कापायचं तंत्र अमेरिकेच्या बेल कंपनीच्या पेटंटमध्ये अडकलेलं, त्यामुळं प्रत्येक रेकॉर्डमागं त्यांना रॉयल्टी मोजावी लागायची. ब्लुमलाइननं नव्या पद्धतीनं चालणारं रेकॉर्ड कापायचं यंत्रच बनवलं. पेटंटला वळसा बसला, रॉयल्टी वाचली आणि आवाजही सुधारला.

मग १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ईएमआय तयार झाली. यातली ग्रामोफोन कंपनी म्हणजे आपली एचएमव्ही. कुत्रा आणि भोंग्याचं चित्र असलेल्या ज्या रेकॉर्ड आजोबांच्या कपाटात सापडतात, त्या याच कंपनीच्या कोलकात्याजवळच्या दमदम फॅक्टरीतून यायच्या.

त्याच वर्षीची गोष्ट. ब्लुमलाइन त्याची होणारी बायको डोरीन लेन हिच्यासोबत पिक्चर बघायला गेला होता. बोलपट येऊन काहीच वर्षं झाली होती. थिएटरमध्ये सगळा आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. त्यामुळं नट पडद्याच्या डाव्या टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, असा प्रकार. बाकीच्या प्रेक्षकांना याचं काही वाटत नव्हतं, पडदा बोलतोय हेच त्यांना पुष्कळ होतं. ब्लुमलाइन मात्र अस्वस्थ झाला. आवाजाला नटाच्या मागं चालायला लावायचा उपाय आपल्याकडं आहे, असं त्यानं डोरीनला सांगितलं.

आता आपल्यापैकी कुणी असं बोललं असतं तर इंटरव्हलमध्ये विसरून गेलं असतं. या पठ्ठ्यानं १४ डिसेंबर १९३१ ला पेटंटचा अर्ज टाकला.

ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. जून १९३३ मध्ये ते मंजूर झालं. एका पेटंटमध्ये तब्बल ७० दावे होते. स्टिरिओ हा शब्द त्यानं वापरला नव्हता, तो त्याला बायनॉरल म्हणायचा, म्हणजे दोन कानांचा आवाज.

त्यातली मूळ कल्पना समजून घ्यायला अवघड नाही. डोळे मिटा आणि कुणाला तरी खोलीत फिरत टाळ्या वाजवायला सांगा. टाळी कुठं वाजली हे तुम्हाला बरोबर कळतं. कारण आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. हा फरक मेंदू पकडतो. ब्लुमलाइनच्या लक्षात आलं की दोन स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाची पातळी योग्य प्रमाणात कमी-जास्त केली की मेंदूला फसवता येतं. आवाज दोन्ही स्पीकरच्या अधेमधे कुठंतरी, जिथं प्रत्यक्षात काहीच नाही, तिथून आल्यासारखा वाटतो.

पण तो नुसत्या कल्पनेवर थांबला नाही. असा आवाज पकडायला माइक कसे लावायचे हे त्यानं सांगितलं. दोन माइक अगदी जवळ, एकमेकांना काटकोनात. ही पद्धत आजही ब्लुमलाइन पेअर याच नावानं ओळखली जाते. रेकॉर्डच्या एकाच खाचेत डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज कसे कोरायचे हे त्यानं सांगितलं. खाचेची एक भिंत एका आवाजाला, दुसरी भिंत दुसऱ्याला, दोन्ही ४५ अंशात तिरक्या. आणि दोन आवाजांची बेरीज आणि वजाबाकी करून ते पुन्हा वेगळे करायचं गणितही त्यात होतं. पुढं एफएम रेडिओचा स्टिरिओ याच बेरीज-वजाबाकीवर उभा राहिला. १९७० च्या दशकात डॉल्बीनं सिनेमाच्या दोन ट्रॅकमध्ये चार चॅनल बसवले, त्यामागची युक्तीही याच घराण्यातली.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन कानांना दोन आवाज पोहोचवायचा प्रयोग ब्लुमलाइननं पहिल्यांदा केला असं नाही. १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात क्लेमां आदेर यानं टेलिफोनच्या जोडीनं ऑपेरा ऐकवला होता. अमेरिकेत बेल कंपनीची माणसंही त्याच काळात स्वतंत्रपणे या मागं लागली होती. पण माइकपासून रेकॉर्डपर्यंत आणि तिथून सिनेमाच्या पडद्यापर्यंत सगळी साखळी एकट्यानं एका कागदावर मांडणारा माणूस हाच. त्यामुळं जनक म्हणायचं तर यालाच म्हणावं, असं आमचं मत.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांचा ऑर्केस्ट्रा मोत्झार्टची ज्युपिटर सिंफनी वाजवत होता आणि ब्लुमलाइन ती स्टिरिओत रेकॉर्ड करत होता. पुढं बीटल्समुळं जगप्रसिद्ध झालेला ॲबी रोड तो हाच. १९३५ मध्ये त्यानं प्रयोगासाठी छोट्या फिल्मही काढल्या. एकीत माणसं स्टेजवर चालत बोलतात आणि आवाज त्यांच्यासोबत सरकतो. दुसरीत हेज स्टेशनवरून रेल्वे जाते. बस, एवढंच. स्टोरी नाही, हिरोईन नाही. पण आवाज गाडीसोबत पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जातो.

आणि मग कंपनीनं हे सगळं गुंडाळून ठेवलं.

कारणं धंद्याची होती. जगभर मंदी, रेकॉर्डचा खप पडलेला. थिएटरवाल्यांनी बोलपटासाठी नुकताच खर्च केलेला, त्यांना पुन्हा नवी यंत्रं घ्या म्हणून कोण सांगणार? आणि ईएमआयला दुसरंच मोठं घबाड दिसत होतं. टीव्ही.

टीव्हीचं नाव काढलं की जॉन लोगी बेअर्डचं नाव येतं. पण बीबीसीनं २ नोव्हेंबर १९३६ ला ॲलेक्झांड्रा पॅलेसमधून रोजचं प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा मैदानात दोन पैलवान होते. एकीकडं बेअर्डची २४० रेषांची पद्धत, दुसरीकडं मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. आलटून पालटून दोन्ही वापरून बघितल्या आणि काही महिन्यांतच बेअर्डचा गाशा गुंडाळला गेला. ४०५ रेषांच्या पद्धतीमागं ईएमआयची मोठी टीम होती आणि तिच्या सर्किटमागचं महत्त्वाचं डोकं ब्लुमलाइनचं होतं. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालली.

माणूस म्हणून तो कसा होता? कामाच्या बाबतीत कडक. पहिल्या दर्जाचं डोकं नसलेला माणूस याला चालतच नाही, अशी मित्रमंडळींत थट्टा चालायची. १९३३ मध्ये त्याचं डोरीनशी लग्न झालं, दोन मुलं झाली. विमानाचा भारी नाद, रीतसर लायसन्स काढून स्वतः उडवायचा. नोकरीच्या १८ वर्षांत त्याच्या नावावर १२८ पेटंट जमा झाली. हिशोब केला तर दर दीड-दोन महिन्याला एक. (योगायोग बघा, थिएटरमधला डॉल्बी ॲटमॉस एका वेळी जास्तीत जास्त १२८ ऑडिओ ट्रॅक हाताळतो.)

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि स्टिरिओ, टीव्ही सगळं बाजूला पडलं. ब्लुमलाइन रडारच्या कामाला लागला. प्रोजेक्टचं नाव एच-टू-एस. बॉम्बर विमानाच्या पोटाखाली फिरतं रडार बसवायचं, म्हणजे अंधारात, ढगातून, खालची जमीन पडद्यावर नकाशासारखी दिसेल. याचा जीव होता कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन नावाच्या भागात. तुमच्या घरच्या मायक्रोवेव्हमध्ये त्याचाच भाऊबंद बसलेला असतो. तेव्हा मात्र तो ब्रिटनच्या सगळ्यात मोठ्या गुपितांपैकी एक होता.

७ जून १९४२. डेफर्डच्या विमानतळावरून हॅलिफॅक्स जातीचं व्ही-९९७७ नंबरचं विमान या रडारची चाचणी घ्यायला उडालं. विमानात ११ जण होते. ब्लुमलाइन आणि त्याचे ईएमआयमधले दोन सहकारी, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायदन, त्यातच होते. वाय नदीच्या खोऱ्यात वेल्श बिकनर गावाजवळ विमानाच्या उजव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनानं पेट घेतला. आग पंखात पसरली. जमीन अगदी जवळ असताना पंखाचा तुकडा तुटला, विमान उलटं झालं आणि आदळलं. कुणीही वाचलं नाही. ब्लुमलाइनला ३९ वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते.

चौकशीत कारण निघालं एक नट. इंजिनाची तपासणी करताना व्हॉल्व्हजवळचा एक नट नीट आवळलेला नव्हता. तो उडताना सैल होत गेला, व्हॉल्व्ह तुटला आणि पेटतं इंधन बाहेर आलं.

या प्रोजेक्टवरचे शास्त्रज्ञ बर्नार्ड लोव्हेल यांनी याच विमानातून आधी उड्डाण केलं होतं. पुढं जॉड्रेल बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी केली ते हेच. अपघाताच्या रात्री त्यांना घटनास्थळी जावं लागलं, कारण अवशेषांतून मॅग्नेट्रॉन शोधून काढायचा होता. आपली माणसं गेली त्या जागी यंत्राचा भाग शोधत फिरणं काय असेल, याची कल्पनाच करा.

चौकशीचा अहवाल चर्चिल यांच्या हुकमानं अगदी मोजक्या लोकांपुरता ठेवला. ब्लुमलाइन, ब्राउन आणि ब्लायदन मेल्याचं ब्रिटिश सरकारनं अधिकृतपणे मान्य केलं ते थेट १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर. डोरीनच्या पदरात दोन लहान मुलं आणि नवऱ्यानं काय काम केलं हे जगाला सांगायची सोय नाही. रडार मात्र पूर्ण झालं आणि १९४३ च्या सुरुवातीपासून वापरात आलं.

स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात यायला १९५८ उजाडलं. खाचेच्या दोन भिंती, ४५ अंश, सगळं त्याच्या पेटंटमधल्यासारखंच. पण युद्धामुळं वाढवून मिळालेली पेटंटची मुदतसुद्धा तोवर संपली होती. म्हणजे जग स्टिरिओवर पैसे कमवायला लागलं तेव्हा शोध लावणारा हयात नव्हता आणि हक्कही शिल्लक नव्हता.

आपल्याकडं १९७५ मध्ये शोले ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक साउंडमध्ये आला. जयनं नाणं उडवलं की लोक खुर्चीखाली नाणं शोधायचे, असं जुने लोक अजून रंगवून सांगतात. मग डॉल्बी आलं, ५.१ आलं, आणि २०१२ मध्ये ब्रेव्ह या ॲनिमेशनपटासोबत ॲटमॉस आलं. यात आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. हेलिकॉप्टर खोलीत कुठं आहे हे आवाजासोबतच लिहिलेलं असतं आणि तुमच्या घरी किती स्पीकर आहेत ते बघून मशीन वाटणी करतं.

आता येऊ पैशाच्या विषयावर, कारण साउंडबार घेताना सगळ्यात जास्त फसगत इथंच होते.

ॲटमॉस ही साखळी आहे. एक कडी कच्ची निघाली की आवाज गुपचूप साधा होतो आणि टीव्ही तुम्हाला सांगतसुद्धा नाही. पहिली कडी ॲपची. उदाहरणार्थ नेटफ्लिक्सवर ॲटमॉस फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं, तेही ज्या पिक्चरला तो ट्रॅक आहे त्यालाच. दुसरी कडी स्ट्रीमिंगच्या डिव्हाइसची. ॲपल टीव्ही ४के, फायर टीव्ही स्टिकची ४के मॉडेल, गुगल टीव्ही स्ट्रीमर यांना ॲटमॉस जमतं. स्वस्तातलं काही घेताना खोक्यावर डॉल्बी ऑडिओ लिहिलंय की डॉल्बी ॲटमॉस हे डोळे उघडे ठेवून वाचा. दोन्ही एक नाहीत, आणि दुकानदार दोन्हीला डॉल्बीच म्हणतो.

खरी गडबड होते ती केबलमध्ये. स्टिक टीव्हीला लावली आणि टीव्हीपासून साउंडबारला जुनी ऑप्टिकल केबल टाकली, तर ॲटमॉस विसरा. ती केबल हा आवाज नेऊच शकत नाही. एचडीएमआयच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलंय तिथूनच साउंडबार जोडायचा. ओटीटीवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून भरलेलं असतं, त्याला साधं एआरसी पुरतं. ब्लू-रेचा मोठा, लॉसलेस आवाज हवा असेल तर ईएआरसी लागतं. ॲपल टीव्हीचं वेगळं खूळ आहे. तो आवाज आधीच उलगडून पाठवतो, त्यामुळं टीव्हीमार्गे न्यायचा तर त्यालाही ईएआरसी लागतं. तुमच्या टीव्हीला ते नसेल आणि साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल, तर डिव्हाइस थेट साउंडबारला लावा आणि पुढं टीव्हीला जोडा. प्रश्न मिटतो.

हे सगळं बरोबर असूनही आवाज सपाट असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा. डिजिटल आउटपुट पीसीएमवर अडकलेलं असतं. ते ऑटो किंवा पासथ्रूवर करा. फुकटचा उपाय आहे, नवीन काही विकत घ्यायच्या आधी हा करून बघा.

आणि स्पीकरचे आकडे. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे वरून किंवा छताकडं आवाज फेकणारे स्पीकर. हा तिसरा आकडाच नसेल आणि तरी ॲटमॉसचा शिक्का असेल, तर तो आभासी ॲटमॉस. त्याला थेट फसवणूक म्हणता येणार नाही, कारण नसलेल्या जागेवरून आवाज आल्याचा भास करून देणं हेच तर ब्लुमलाइनचं मूळ काम. पण त्यासाठी खऱ्या स्पीकरच्या किमतीएवढे पैसे मोजू नका.

ब्लुमलाइनवर पहिलं पूर्ण चरित्र यायला १९९९ उजाडलं. २०१५ मध्ये ॲबी रोडवर त्याच्या कामाची पाटी लागली आणि २०१७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ७५ वर्षांनी, त्याला टेक्निकल ग्रॅमी मिळाला. हेज स्टेशनवरच्या रेल्वेची ती १९३५ ची फिल्म इंटरनेटवर सापडते. तिला ॲटमॉस लागत नाही, प्रीमियम प्लॅन लागत नाही. साधे हेडफोन चालतात, फक्त डावा-उजवा उलटा घालू नका.